हवेवरचा चेन हॉइस्ट खोलताना

शिक्षक-पालक मित्रहो, साधी यंत्रे शिकवताना आपण कप्पी दाखवतो. कारखान्यात जड वजन उचलणारा चेन हॉइस्ट तिच्याच घराण्यातला. त्याचा एक प्रकार सुमारे ६ बार दाबाच्या हवेवर चालतो.

दुरुस्तीसाठी तो खोलताना पान्हा सगळ्यात शेवटी हाती घ्यायचा. आधी वजन खाली उतरवा, कारण ब्रेक उघडला की वजन धरून ठेवणारं काही उरत नाही. मग हवेचा व्हॉल्व्ह बंद करा. तरीही नळीत दाब राहतोच! बटण दाबून तो सोडा, मगच नळी काढा.

सुटे भाग क्रमाने कापडावर मांडा. मोटरच्या पात्या झिजल्या असतील तर सगळ्या एकदम बदलतात. साखळी ताणलीय का, हे नुसतं बघून कळत नाही. ठरावीक कड्यांची लांबी मोजून कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहतात.

सायकलची ट्यूब काढतानाही आपण आधी हवा सोडतो, हे मुलांना जरूर आठवून द्या.