९० टक्के मेल्या, तरी १० अब्ज उरल्या

काबुली चण्याएवढी, एका ग्रॅमची गाठ. ढोबळ हिशेबाने तिच्यात १०० कोटी पेशी असतात. एका पेशीपासून इथवर यायला ३० वेळा दुप्पट होणं पुरतं. आणखी १० वेळा झालं की गाठ किलोची. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा ऐन वाढीच्या वयात, गुडघ्याजवळ होतो. मुलाला डॉक्टरकडे नेईपर्यंत गाठ १०० ग्रॅमची झालेली असू शकते. म्हणजे १०० अब्ज पेशी.

किमोथेरपी ठरावीक संख्येने नव्हे, ठरावीक प्रमाणात पेशी मारते. १०० कोटींतल्या ९९.९ टक्के मेल्या, तरी १० लाख उरतात. त्यांतल्या काही औषधाला दादच देत नाहीत. ही ताकद त्यांना औषधानेच दिली असेल, असं वाटतं. पुष्कळदा ती आधीपासूनच असते. १९७९ मध्ये गोल्डी आणि कोल्डमन या संशोधकांनी याचं गणित मांडलं. १० लाख विभाजनांमागे एका पेशीत औषधाला पुरून उरणारा बदल होतो असं धरलं, तर १०० कोटींच्या गाठीत निदान हजारभर पेशी पहिलं सलाईन लागण्याआधीच तयार असतात. औषध बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळं करून देतं.

म्हणून ऑस्टिओसार्कोमात एकाऐवजी तीन औषधं देतात: मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिसप्लॅटिन. दोन औषधांतून एकाच वेळी सुटणारी पेशी याच हिशेबाने एक लाख कोटींत एक. तिन्हींतून सुटणारी तर जवळपास अशक्य. पण हे गणित पेशी शिस्तीत वागतील असं धरून चालतं. २०११ मध्ये तपासलेल्या हाडाच्या कर्करोगांपैकी सुमारे २५ टक्क्यांत गुणसूत्रांचे एकाच फटक्यात तुकडे होऊन ते वेडेवाकडे जोडले गेलेले आढळले. अशा गोंधळात बदलांचा वेग १० लाखांत एक राहत नाही.

सुटकेच्या वाटाही अनेक. संधिवाताला मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅमच्या आसपास देतात. ऑस्टिओसार्कोमात शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे १२ ग्रॅम. दीड चौरस मीटरच्या मुलाला १८ ग्रॅम, म्हणजे १२०० पट! मग निरोगी पेशी वाचवायला ल्युकोव्होरिन द्यावं लागतं. तरीही काही कर्कपेशी मेथोट्रेक्सेट आत घेणारी प्रथिनंच कमी करतात. डॉक्सोरुबिसिन आत शिरलं, तर १२८० अमिनो आम्लांचा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप ते बाहेर फेकतो. सिसप्लॅटिनने बिघडवलेला डीएनए पेशी दुरुस्त करतात. काही पेशी विभाजनच थांबवतात आणि विभाजन गाठून मारणाऱ्या औषधांच्या तावडीतून निसटतात.

सुमारे १० आठवड्यांनी शस्त्रक्रिया होते. पॅथॉलॉजिस्ट काढलेलं हाड उभं कापतो, आम्लात मऊ करतो आणि चौकोन आखून एकेक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. ९० टक्के पेशी मेलेल्या दिसल्या की ‘चांगला प्रतिसाद’. १०० ग्रॅमच्या गाठीत तेव्हाही १० अब्ज जिवंत! त्या गाठीबरोबर निघून जातात. धोका असतो तो फुप्फुसांत आधीच पोचलेल्या त्यांच्या भाऊबंदांचा.

मग औषधं वाढवावीत? युरॅमॉस-१ या चाचणीत १७ देशांतले २२६० रुग्ण होते. प्रतिसाद कमी असलेल्यांना आणखी दोन औषधं देऊन पाहिली. फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला.

संख्या कमी असतानाच गाठणं हे आपल्या हातात आहे. वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा आठवडेच्या आठवडे दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल, सूज येत असेल, तर मालीश करत बसू नका. आधी एक्स-रे काढा.