सेकंद दुसरा, मग पहिला कोण?

घड्याळातला सर्वांत चपळ काटा सेकंदाचा, आणि सेकंद म्हणजे मुळात लॅटिनमधला ‘दुसरा’. मग पहिला कोण? मिनिट! मध्ययुगीन युरोपातले विद्वान लॅटिनमध्ये लिहीत. तासाचे ६० भाग केले की त्यातला एक ‘पार्स मिनुता प्रिमा’, म्हणजे पहिल्या फेरीतला बारीक भाग. त्याचे पुन्हा ६० केले की ‘पार्स मिनुता सेकुंदा’, दुसऱ्या फेरीतला बारीक भाग. एकाच्या नावातलं ‘बारीक’ टिकलं, दुसऱ्याच्या नावातलं ‘दुसरा’ टिकलं. तेराव्या शतकात रॉजर बेकनने तर पौर्णिमेच्या वेळा मांडताना तिसऱ्या, चौथ्या फेरीपर्यंत मजल मारली होती. पोलिश भाषेत सेकंदाच्या साठाव्या भागाला ‘तेर्त्सिया’ असा शब्द आहे. म्हणजे तिसरी!

हे शब्द मराठी कानाला परके वाटतच नाहीत. क्वार्तुस आणि चतुर्थ, सेप्तिमुस आणि सप्तम, ओक्तावुस आणि अष्टम, देकिमुस आणि दशम शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहा. संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे हे चुलत-मावस नातं लपत नाही. वेगळा पडतो तो सेकुंदुस. ‘दोन’शी त्याचा संबंध नाही, ‘मागून येणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. पहिल्याच्या मागून येतो तो दुसरा, इतकं सरळ.

रोमन लोक तर माणसांनाही हे क्रम देत. मुलांची नावं क्विंतुस, सेक्स्तुस, देकिमुस. मुलींना कुळाचंच नाव मिळे, मग बहिणी-बहिणींमध्ये फरक कसा करायचा? क्रमांकाने. ज्युलियस सीझरवर वार करणाऱ्या ब्रूटसची सावत्र बहीण होती युनिया तेर्तिया, म्हणजे युनिया घराण्यातली तिसरी.

दुपारची गंमत मला फार आवडते. रोमन दिवस सूर्योदयापासून मोजत आणि सूर्यास्तापर्यंत त्याचे १२ तास करत. सहावा तास, ‘होरा सेक्स्ता’, संपला की सूर्य डोक्यावर. त्या ‘सेक्स्ता’चीच स्पॅनिशमध्ये ‘सिएस्ता’ झाली: दुपारची डुलकी. नववा तास, ‘होरा नोना’, म्हणजे आपले दुपारचे साधारण तीन. ही मठांतल्या प्रार्थनेची वेळ. मध्ययुगात ती हळूहळू अलीकडे सरकत बारावर येऊन थांबली आणि इंग्रजीत तिचं ‘नून’ झालं. आज सहावा आणि नववा दोघेही भर दुपारी एकाच ठिकाणी भेटतात.

आता पोर्तुगीज आठवडा. शेजारच्या स्पेनमध्ये सोमवार चंद्राचा आणि मंगळवार मंगळाचा, अगदी आपल्यासारखा. पोर्तुगालमध्ये मात्र सोमवार ‘सेगुंदा-फेइरा’, दुसरा. मंगळवार ‘तेर्सा’, तिसरा. असं करत शुक्रवार ‘सेश्ता’, सहावा. शनिवार-रविवारची नावं तेवढी वेगळी. ग्रहदेवतांची नावं ख्रिस्ती आठवड्यात नकोत, या आग्रहाचं श्रेय सहाव्या शतकातले ब्रागाचे बिशप मार्टिन यांना देतात. पण चतुर्थी, पंचमी, षष्ठी म्हणत तिथ्या मोजणाऱ्या आपल्याला क्रमांकाने दिवस ओळखण्याचं काय नवल? पोर्तुगीजांची ‘क्वार्ता’ आणि आपली ‘चतुर्थी’ दोन्ही स्त्रीलिंगीच.

आणि एक शब्द थेट गोव्यात राहतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी ‘तेर्स’ होतो, म्हणजे माळेची प्रार्थना, रोझरी. मूळ पोर्तुगीज ‘तेर्सू’, एक-तृतीयांश. त्याच्यामागे लॅटिन ‘तेर्तियुस’, तिसरा. पूर्ण रोझरीत ‘नमो मारिये’च्या १५० आवृत्त्या, त्यांचा तिसरा हिस्सा ५०, म्हणून तेर्स. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत पाच नवी रहस्यं, म्हणजे प्रत्येकी दहा आवृत्त्यांचे चिंतनाचे प्रसंग, घातली. एकूण २०० झाल्या आणि हिशेबाने तेर्स एक-चतुर्थांश झाला. नाव कोणी बदललं नाही. बदलूही नये, घरातल्या आजी-आजोबांच्या तोंडचा शब्द गणिताहून खूप मोठा असतो.

संगीतात दोन्ही परंपरा एकमेकींना टाळी देतात. षड्जापासून पाचवा तो आपला पंचम. युरोपातही त्या अंतराला लॅटिन ‘क्विंता’वरूनच नाव. पण पुढे मोजणी वेगळी होते. आपण सात स्वर मोजून ‘सप्तक’ म्हणतो, ते वरचा सा धरून ‘आठवा’ मोजतात, म्हणून ‘ऑक्टेव्ह’. अंतर तेच.

तलवारबाजीत वार अडवण्याच्या आठ पवित्र्यांची फ्रेंच नावं ओळीने लॅटिनची उजळणी करतात: प्रीम, सगोंद, तिएर्स, कार्त, कँत, सिक्स्त, सेप्तिम, ऑक्ताव्ह. अमेरिकेचं दहा सेंटचं ‘डाइम’ नाणं ‘देकिमा’चं, दहावा भाग. स्पॅनिशमध्ये चुलत, आते, मामे, मावस सगळ्या भावांना एकच शब्द, ‘प्रीमो’: पहिल्या नात्यातला.

बाजार समितीतला कांद्याचा ‘क्विंटल’ मात्र या यादीत धरू नका. ऐकायला तो ‘क्विंतुस’चा, पाचाचा वाटतो, पण त्याचं मूळ लॅटिन शंभरात आहे. ‘सेंतेनारियुम’ हा शब्द ग्रीकांकडून अरबांकडे गेला, तिथे ‘किंतार’ झाला आणि व्यापाऱ्यांबरोबर युरोपात परतला तो ‘क्विंटल’ होऊन. आणि आज त्यात किलोही बरोबर शंभरच भरतात.