उतरताना गुडघा ताठ की वाकलेला?

अकोला जिल्ह्यातला नरनाळा किल्ला चढताना धाप लागते. पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या बहुतेक वेळा उतरणीमुळे. चिखलदऱ्याच्या परिसरात पायी हिंडणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतानाच जोर लावतो, म्हणजे ब्रेकचे काम करतो. सवय नसेल तर त्यामुळे स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते व आपोआप ओसरते.

मग पाय ताठ ठेवून उतरावे का? नाही. ताठ पाय आदळला, की स्नायूंना दणका झेलायला वाव राहत नाही; तो सांध्याला बसतो. साधा जिना उतरतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर १८० किलोहून जास्त! उलट गुडघा फारच वाकवला, तर वाटीमागचा दाब वाढतो आणि मांड्या लवकर थकतात. म्हणून गुडघा किंचित वाकलेला, पावले लहान, हातात काठी.

गुलमर्ग किंवा औलीच्या बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. वळण घेताना बाहेरच्या पायावर दाब साठतो. तो सोडायला काही जण पाय सरळ करून अंग वर उचलतात; शिकाऊंना हे सोपे जाते. वेगात किंवा उंचसखल बर्फावर मात्र पाय दुमडून घेणे बरे पडते. स्कीच्या पट्ट्या बर्फावर टिकून राहतात आणि तोल सांभाळता येतो. त्यासाठी मांड्या मात्र कणखर हव्यात.

ही तयारी घरीही करता येते. कमी उंचीच्या पायरीवर एका पायावर उभे राहा, भिंतीचा आधार घ्या आणि दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवा. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. स्नायूंना उतरणीची थोडी सवय झाली, तरी पुढचे काही आठवडे त्या कमी दुखतात.

गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक लचकू लागला, तर मात्र व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते स्नायूंचे साधे दुखणे नव्हे.