तपासणी झाली म्हणजे धोका टळला?

परदेशी किडीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘बंदरावर तपासणी कडक करा, मग कीड आत येईलच कशी?’ शिकलेली माणसेही हे ठामपणे सांगतात, आणि ते साफ चूक आहे. कंटेनरमधला प्रत्येक नग कुणी तपासत नाही, नमुना काढतात. समजा, शंभरातल्या एका फळात अळी आहे आणि 60 फळे कापून पाहिली. त्या साठांत एकही किडके फळ हाती न लागण्याची शक्यता सुमारे 55 टक्के निघते. तपासनिसाने कसलीही कुचराई केली नाही, तरी निम्म्याहून अधिक वेळा तो माल ‘स्वच्छ’ ठरून सुटणार. हीच कीड 95 टक्के खात्रीने पकडायची तर 300 फळे कापावी लागतील. हजारात एक फळ किडके असेल तर 3,000. इतकी फळे कापल्यावर विकायला काय उरेल?

म्हणूनच धोक्याचा अंदाज माल जहाजावर चढण्याआधी बांधायचा असतो. कीड येईल का, इथे तग धरेल का, पसरेल का आणि नुकसान किती करेल, हे चार प्रश्न एकत्र विचारायचे असतात. टोमॅटोवरची टूटा नागअळी मूळची दक्षिण अमेरिकेची. 2006 मध्ये ती स्पेनमध्ये आढळली आणि 2014 मध्ये पुण्यात टोमॅटोवर तिची नोंद झाली. आपल्याकडे टोमॅटो बारमाही आणि हिवाळा सौम्य, त्यामुळे ‘तग धरेल का’ याचे उत्तर ती येण्याआधीच स्पष्ट होते. यावर कुणी म्हणेल, ‘मग आयातच बंद करा.’ पण कीड फळांबरोबरच येते असे कुठे आहे? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1996 साली मेपलची झाडे पोखरणारा आशियाई भुंगा सापडला, तो मालाच्या लाकडी खोक्यांतून आला होता. म्हणून खोक्यात यंत्राचे सुटे भाग असले, तरी लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवणे किंवा त्याला धुरी देणे आणि तसा शिक्का मारणे हाच उपाय. फळांवरच्या बंदीने तो भुंगा थांबला नसता.

‘आपल्या उन्हात परकी कीड जगत नाही’ हा समज 2018 मध्ये कर्नाटकात आणि मग महाराष्ट्रात शिरलेल्या अमेरिकन लष्करी अळीने मक्यावर खोटा ठरवला. काँग्रेस गवत अमेरिकी गव्हातून पहिल्यांदा आले, हेही खरे नाही; वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या कोलकाता उद्यानातील वनस्पतींच्या 1814 च्या यादीत त्याचे नाव आहे, पुण्यातला त्याचा फैलाव मात्र 1950 च्या दशकातला.

परदेशातून येताना बी, कलम किंवा रोप बॅगेत घालू नका. त्यासाठी आयात परवाना लागतो, आणि बॅगेतल्या मूठभर बियांच्या धोक्याचा अंदाज कुणीही आधी बांधलेला नसतो.