उभी बस, तिरपी झोप

"डॉक्टरसाहेब, आईला बसमध्ये झोपवून पंढरपूरला नेलं तर चालेल का?" ओपीडीत एका मुलाने विचारले. त्याने जुनी लक्झरी बस घेतली होती. आतल्या सीट काढून बिछाने, शेगडी आणि छोटा फ्रिज बसवला होता. आईला हृदयविकार, शिवाय रोजचे इन्सुलिन. "एअर सस्पेन्शनची गाडी आहे, गचके बसत नाहीत," तो खात्रीने म्हणाला. मी विचारले, "चालताना नसतील बसत. पण रात्री उभी कशी राहते?" या प्रश्नाचा त्याने विचारच केला नव्हता.

चाकांवरचे घर आता आपल्याकडेही नवलाचे राहिलेले नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. टिपेश्वरच्या जंगलाजवळ किंवा वारीच्या वाटेवर स्वतःच्या गाडीत मुक्काम करावा, असे अनेकांना वाटते. (बसच्या मूळ रचनेत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नये.)

आधी गचक्यांचे पाहू. आपल्या लाल परीला वर्षानुवर्षे लोखंडी पाटे होते. आरामबसमध्ये पाट्यांच्या जागी जाड रबराचे, हवेने भरलेले बेलो असतात. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारे उभे हादरे सर्वांत जास्त जाणवतात. हवेवरची गाडी त्यापेक्षा बरीच संथ, सेकंदाला साधारण एक-दीड वेळा हलते. त्यामुळे कंबर आणि मणक्याला आराम मिळतो. इथवर मुलाचे म्हणणे बरोबर होते.

आता उभ्या गाडीचे. माणसे चढली, सामान वाढले की बस खाली दबते. मग लेव्हलिंग व्हॉल्व्ह बेलोत हवा सोडतो आणि बस पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. पण हा व्हॉल्व्ह मोजतो ते ॲक्सल आणि बॉडी यांच्यातले अंतर. जमीन सपाट आहे की उताराची, हे त्याला कळत नाही. म्हणजे जमीन तिरपी असेल, तर तो बसलाही इमानेइतबारे तिरपीच ठेवतो. मुक्कामात बस समतल हवी असेल, तर प्रत्येक कोपऱ्याची हवा वेगळी कमी-जास्त करणारी लेव्हलिंग यंत्रणा बसवावी लागते. तीही काही इंचांपुरतीच उपयोगी पडते. शिवाय इंजिन बंद केल्यावर एखाद्या बेलोतून हवा हळूहळू झिरपते. त्यात आपली काळी माती! रात्री पाऊस आला की एका बाजूची चाके रुततात. संध्याकाळी सरळ असलेली बस पहाटे कलंडलेली दिसते.

तीन अंशांचा कल डोळ्यांना फारसा जाणवत नाही. पण दोन मीटरच्या बिछान्यावर तेवढ्याने दोन टोकांत 10 सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास अर्ध्या वितेचा फरक पडतो. डोके खालच्या बाजूला आले, तर पायांकडचे रक्त आणि द्रव छाती-डोक्याकडे सरकतात. अंतराळातल्या वजनरहित अवस्थेचा अभ्यास करताना शास्त्रज्ञ निरोगी माणसांना डोके फक्त सहा अंश खाली ठेवून झोपवतात, ते याचसाठी. निरोगी माणूस हे सहन करतो. हृदय अशक्त असलेल्याला सपाट झोपल्यावरही दम लागतो, मग डोके खाली गेल्यावर काय होईल? पित्त आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रासही वाढतो.

आपल्या कानाच्या आतल्या भागात चुन्याचे सूक्ष्म कण असतात. गुरुत्वाकर्षणाची दिशा ते मेंदूला कळवतात. तिरप्या बसमध्ये भिंती आणि खिडक्या पाहून डोळे 'सगळे सरळ आहे' म्हणतात, तर कान 'कललो आहोत' म्हणतात. या भांडणात काहींना गरगरते. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठला, तर तोल जाऊन खुब्याचे हाड मोडू शकते. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये अमोनिया आणि पाणी फिरत राहावे लागते. फ्रिज फार कलला तर ते थांबते, आणि 2 ते 8 अंशांत राहायला हवे ते इन्सुलिन विदर्भाच्या उन्हाळ्यात खराब होते.

हे झाले त्रासाचे. पुढच्या दोन चुका मात्र जिवावर बेततात.

पहिली, फक्त हवेवर उभ्या असलेल्या बसखाली शिरणे. बेलो फुटला किंवा पाइप निसटला, तर काही टनांची बॉडी क्षणात खाली बसते. छाती दबली की श्वास घेता येत नाही आणि मिनिटांत मृत्यू येतो. भक्कम स्टँड लावल्याशिवाय मेकॅनिकलाही खाली जाऊ देऊ नका.

दुसरी, हवेचा दाब किंवा एसी टिकवण्यासाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. बंद बसमध्ये शेगडी पेटती ठेवण्याचा धोकाही हाच. शंका येताच सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

त्या मुलाला मी सांगितले ते असे. मुक्काम कडक, सपाट जमिनीवर करा. गवंड्याची पाणसळ बिछान्यावर लांबीत आणि रुंदीत ठेवून पाहा. चाकांना ओट लावा, जॅकखाली रुंद फळी ठेवा. झोपण्यापूर्वी इंजिन बंद करा, आणि पाऊस झाला तर पाणसळ पुन्हा तपासा. आईचे डोके नेहमी उंच बाजूला ठेवा. गाडी चालू असताना तिला झोपवू नका, पट्टा लावून बसवा. दर दोन तासांनी उतरवून थोडे चालवा. निघण्यापूर्वी एकदा तपासणीला आणा.

पाणसळ कितीशी महाग असते? बसमध्ये हजारोंचा खर्च करणाऱ्याने ती आधी घ्यावी.