ठिणगीचा शोध : जुन्या वेल्डिंग-इंजिनाची दुरुस्ती

जेथें विजेची तार पोहोंचलेली नाहीं, अशा माळरानावर तेलाच्या किंवा वायूच्या नळांचे सांधे जोडावयाचे असल्यास वीज बरोबर न्यावी लागते. ह्याकरितां इंजिन व विद्युत्-जनित्र एकाच सांगाड्यावर बसविलेलीं वेल्डिंगचीं यंत्रें निघालीं. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं १८९५ सालीं स्थापन झालेल्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीचें 'एसए-२००' हें त्यांपैकीं एक सुप्रसिद्ध यंत्र होय. त्याच्या जुन्या नमुन्यांत कॉन्टिनेन्टल बनावटीचें चार सिलिंडरांचें पेट्रोल-इंजिन असे, व ठिणगी देण्याचें काम मॅग्नेटोकडे असे. अशीं कित्येक यंत्रें आजही कामावर आहेत. त्यांतील एखादें अडून बसलें कीं नळाचा सांधा अर्धवट राहतो व कारागिराची त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळीं काय करावें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

मॅग्नेटोचें तत्त्व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हालविला असतां तारेंत प्रवाह उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर जर्मनींत रॉबर्ट बॉश ह्याच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड ह्यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिनाबरोबर चुंबक फिरतो व जाड तारेच्या थोड्या वेढ्यांत प्रवाह उत्पन्न होतो. तो ऐन भरांत असतां 'पॉइंट' नांवाचीं दोन टोंकें उघडून त्यास एकाएकीं तोडतात. त्याबरोबर शेजारच्या बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत हजारों व्होल्टांचा दाब निर्माण होऊन प्लगांत ठिणगी पडते. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या अशा इंजिनास दर सेकंदास ५० ठिणग्या लागतात, आणि प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणीं पडावी लागते.

इंजिन चालू होईना, तर प्रथम बंद करण्याची तार पाहावी. मॅग्नेटोचा प्रवाह ह्या तारेनें यंत्राच्या धातूंत उतरवूनच इंजिन थांबवितात. तिचें वेष्टण झिजून ती लोखंडास टेंकली, तर मॅग्नेटो निर्दोष असूनही ठिणगी पडत नाहीं. उलट ती तुटली असल्यास बटण बंद असतांही हातानें फिरवितां फिरवितां इंजिन पेट घेतें व उलट्या झटक्यानें हँडल मनगट मोडूं शकतें. म्हणून दुरुस्तीच्या वेळीं प्लगांच्या चारही तारा काढून यंत्राच्या धातूस टेंकवून ठेवाव्या.

नंतर एक सुटा प्लग तारेस लावून त्याचें अंग इंजिनाच्या धातूवर ठेवावें व इंजिन फिरवून पाहावें. पेट्रोलची वाफ जवळ असूं नये. ठिणगी निळी व खणखणीत असेल, तर दोष पेट्रोलच्या मार्गांत किंवा ठिणगीच्या वेळेंत शोधावा. ती पिंवळी व दुबळी असेल, तर पॉइंट स्वच्छ करून त्यांमधील फट मोजावी. फेअरबँक्स-मोर्सच्या पुष्कळ मॅग्नेटोंत ती सुमारें ०·०१५ इंच असते. पॉइंट वारंवार जळत असल्यास बहुधा कंडेन्सर बिघडलेला असतो. हातानें फिरवितांना मॅग्नेटोंतून 'टक्' असा आवाज यावा लागतो. तेथील स्प्रिंग चुंबकास क्षणभर अडवून मग झटक्यानें सोडते, त्यामुळें मंद गतींतही ठिणगी जोरदार पडते. आवाज येत नसेल, तर ती जोडणी चिकटलेली किंवा मोडलेली आहे असें समजावें.

एवढें करूनही गुण न आला व सुटे भाग मिळत नसले, तर डिस्ट्रिब्यूटर, कॉइल व बॅटरी ह्यांची योजना करतां येते. मात्र डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या अर्ध्या गतीनें फिरला पाहिजे, कॉइल बॅटरीच्या व्होल्टांस जुळली पाहिजे, आणि १-३-४-२ हा पेटण्याचा क्रम चुकतां कामा नये. ह्या बदलानें प्रारंभ सुलभ होतो. पण मॅग्नेटोस बॅटरी लागत नाहीं, ही मोठी सोय जाते. बॅटरी भरण्याची व्यवस्था नीट नसेल, तर जें यंत्र पूर्वीं हातानें सुरू होई, तें माळरानावर बॅटरी उतरली म्हणून निरुपयोगी होतें.

सारांश, नवी योजना वाईट नव्हे. पण ती दोष ओळखल्यानंतर करावी. एक झिजलेली तार न पाहतां सबंध मॅग्नेटो फेंकून देणारा मनुष्य पैसा तर घालवितोच. शिवाय ती तार जशीच्या तशी राहिल्यानें यंत्र त्याला पुन्हां दगा देण्याचा संभव असतो. आमच्या विद्यार्थिबंधूंनीं कोणतेंही यंत्र हातीं घेतांना हा क्रम ध्यानांत ठेवावा : आधीं परीक्षा, मग सफाई, मग दुरुस्ती, आणि सर्वांच्या शेवटीं बदल.