स्त्रियांचे श्रम व स्त्रियांचें नांव

आमच्या शाळेच्या वक्तृत्वसभेंत यंदा "स्त्रीवादानें समाजाचें व अर्थव्यवहाराचें हित झालें आहे काय?" या विषयावर वादविवाद झाला. मुलामुलींची तयारी चांगली होती. परंतु ज्या वाक्यांस टाळ्या पडल्या त्यांत आवेश फार व विचार थोडा होता. एक पक्ष म्हणे, स्त्री बाहेर पडली आणि घर मोडलें. दुसरा म्हणे, पुरुषानें स्त्रीस दासी केलें. मूळ प्रश्न बाजूस राहिला; म्हणून तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष नव्हे. स्त्री ही प्रथम मनुष्य आहे. म्हणून विद्या, मजुरी, मालमत्ता व मत यांवर तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, एवढेंच त्याचें म्हणणें. हें मत विलायतेहून आलें असें पुष्कळांस वाटतें. परंतु बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध सन १८८२ मध्यें प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंनीं पुण्यांत आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर आयोगापुढें स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर तयार करावे अशी मागणी केली. विद्येबरोबर कमाईचाही प्रश्न येथें प्रारंभापासूनच होता.

याहूनही जुना दाखला आपल्या मावळांत आहे. मळवली स्टेशनाजवळील भाजें येथील लेण्यांत बाधा नांवाच्या स्त्रीचा दानलेख कोरलेला आहे. ती 'हालिकजाया', म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको. बेडसें येथें पाण्याच्या टाक्याजवळ सामडिनिका या महारठिनीचें, तर कार्ल्यास महादेवणकाची आई भायिला हिचें नांव आहे. त्या काळीं स्त्रियांस सर्व हक्क होते असें यावरून म्हणतां येणार नाहीं. परंतु सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं शेतकऱ्याच्या बायकोनें दान दिलें व तें तिच्याच नांवानें लिहिलें गेलें, एवढें खरें.

आतां आजच्या हालिकजायेकडे वळूं. आषाढाच्या पावसांत खाचरांत वाकून भाताची लावणी करतात त्या बहुतेक स्त्रियाच. रानांतून करवंदें-जांभळें वेंचून लोणावळ्यास विकावयास आणतात त्याही स्त्रियाच. पण सातबाराचा उतारा पाहावा, तर नांव बहुधा पुरुषाचें. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेंत देशांतील वहितीच्या खात्यांपैकीं सुमारें १४ टक्केच स्त्रियांचीं होतीं. नांव नाहीं म्हणून पीककर्ज मिळणें कठीण, आणि जमीन विकतांना तिची सही लागत नाहीं. घरांतील श्रमांची गत तीच. खानावळींत भाजलेली भाकर राष्ट्रीय उत्पन्नांत धरली जाते. तीच आईनें घरीं भाजली तर धरली जात नाहीं. सरकारच्या सन २०१९ च्या पाहणींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसास सरासरी २९९ मिनिटें, व पुरुषांचा ९७ मिनिटें वेळ जातो असें आढळलें.

विरुद्ध पक्षाचे दोन आक्षेप टाकाऊ नव्हते. स्त्री नोकरीस गेली म्हणजे घराची आबाळ होते, हा पहिला. होते हें खरें. पण काम सर्व घराचें असून तें एकटीचेंच मानल्यामुळें होते. मुलींस वाटा दिला म्हणजे जमिनीचे तुकडे होतात व भावाबहिणींत कज्जे लागतात, हा दुसरा. हेंही घडतें. परंतु भाऊ चार असले तरी तुकडे होतातच. तेव्हां चौथ्या भावास हक्क सोड असें कोणी म्हणत नाहीं.

आणि येथेंच खरी गोम आहे. महाराष्ट्रांत सन १९९४ च्या कायद्यानें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत अविवाहित मुलीस मुलाप्रमाणें जन्मतः हक्क दिला. सन २००५ मध्यें तो विवाहित मुलींसह देशभर लागू झाला. आणि सन २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यावरील शंका दूर केली. आम्हां ख्रिस्ती लोकांस सन १९२५ चा वारसा कायदा मुलीचा वाटा मुलाइतकाच देतो. तरी मावळांत जमिनीस सोन्याचा भाव आला तसें बहिणींपुढें हक्कसोडपत्र येऊं लागलें. माहेर तुटेल या भयानें ती सही करते, आणि आपण तिला गुणी म्हणतों. आमच्या ख्रिस्ती घरांतही रीत निराळी नाहीं, हें लाजेनें कबूल केलें पाहिजे.

उपाय कायद्यांतच आहे असें नव्हे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें 'लक्ष्मीमुक्ति' या मोहिमेंत शेतकऱ्यांस आपल्या बायकोच्या नांवें थोडी तरी जमीन करण्याचें आवाहन केलें, आणि अनेकांनीं तें आपखुषीनें मानलें. त्यानें त्यांचीं घरें मोडलीं नाहींत.

आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे, कीं घरचा सातबारा एकदां मागून घेऊन वाचावा, आणि आईचें किंवा आत्याचें नांव त्यावर आहे काय हें पाहावें. नसेल तर कां नाहीं हें वडिलांस नम्रपणें विचारावें. आणि भाजें येथें सहलीस जाल तेव्हां बाधेचें नांव अवश्य शोधा.